वाचक विचारतात : पडवीतली कोकण रेल्वे

घरात रेल्वेची प्रतिकृती उभारणाऱ्या वाचकांनी आपले काम कुठवर आले आणि कुठे अडले हे कळवावे, असे आवाहन या सदरातून गेल्या अंकात केले होते. आलेली पत्रे अलिबागपासून सावंतवाडीपर्यंतची आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाच्या माळ्यावर किंवा पडवीत जी गाडी धावते ती कोकण रेल्वेच आहे. जागेच्या मर्यादेमुळे काही पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांच्या नावांऐवजी केवळ गावे दिली आहेत.

प्रश्न : पानवलचा पूल एचओ मापात करायला घेतला आहे. खोली १२ फूट लांब आहे. पुठ्ठ्याचे खांब करून पाहिले. परंतु उंची खरी ठेवली तर पूल खोलीत मावत नाही आणि लांबीच्या हिशेबाने उंचीही कमी केली तर तो पानवलचा वाटतच नाही. मार्ग सुचवावा. (रत्नागिरी)

उत्तर : आपली अडचण नेमकी आहे आणि ती आकड्यांत मांडली की अर्धी सुटते. पानवल नदीवरील कोकण रेल्वेचा हा पूल ४२४ मीटर लांब आणि ६४ मीटर उंच आहे. एचओ म्हणजे मूळ वस्तूचा ८७ वा भाग. त्यामुळे आपल्या घरातील पूल ४ मीटर ८७ सेंटीमीटर लांब आणि साधारण ७४ सेंटीमीटर उंच होईल. बारा फूट म्हणजे ३ मीटर ६६ सेंटीमीटर, आणि त्यातही पुलाच्या दोन्ही टोकांना थोडा डोंगर दाखवावा लागणार. तेव्हा पूर्ण पूल बसणार नाही, हे आधी मान्य करावे.

मात्र लांबी आणि उंची एकाच प्रमाणात घटवणे हा उपाय नव्हे. पानवलचा पूल पाहताना डोळ्यांत भरते ती त्याची एकूण लांबी नसून खांबांची उंची आणि दोन खांबांमधील अंतर यांचे नाते होय. म्हणून खांबांची जाडी, त्यांच्यातील अंतर आणि वरील तुळईची खोली या तिन्ही गोष्टी मापाप्रमाणेच ठेवाव्यात आणि मधले काही खांब सरळ गाळावेत. पुलाची दोन्ही टोके झाडीत आणि कातळाआड नेली, तर खांब किती कमी आहेत हे मोजायला कोणी थांबत नाही. उंचीत फार तर दहा-बारा सेंटीमीटरची कपात खपून जाते. त्यापेक्षा अधिक केल्यास तो कोणत्याही ओढ्यावरचा पूल दिसू लागतो.

बहुतेक जण सपाट टेबलावर पूल उभा करतात आणि मग रूळ छताच्या दिशेने चढवत नेतात. आपण उलट करावे. रूळ जमिनीपासून सुमारे १२० सेंटीमीटरवर, म्हणजे बसलेल्या माणसाच्या नजरेच्या पातळीवर ठेवावेत आणि दरीच्या जागी टेबलाची चौकटच खाली उतरवावी. असे केल्याने गाडीला एक मिलिमीटरही चढावे लागत नाही.

बांधणीच्या बाबतीत मूळ पुलाची पद्धत आपल्या उपयोगी पडणारी आहे. त्याची पेटीच्या आकाराची काँक्रीटची तुळई एका टोकाला तुकड्यातुकड्यांनी ओतून खांबांवरून पुढे ढकलत नेली होती. या पद्धतीत तुळईची खोली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी असावी लागते. कमानी नाहीत, मध्ये फुगवटा नाही. त्यामुळे १२ मिलिमीटर प्लायवूडची एकसलग पट्टी गाभ्याला घेऊन तिच्या बाजूंना आणि तळाला पीव्हीसी फोमशीट चिकटवली की काम भागते. खांब ओळंब्याने तपासूनच पक्के करावेत, कारण इतक्या उंच खांबाचा किंचित कलही लगेच जाणवतो. गाडी नेहमी चालणार असेल, तर पुलाच्या कडेला ॲक्रेलिकची दोन इंची पारदर्शक पट्टी लावावी. ती दिसायला बरी नाही, पण महागडे इंजिन इतक्या उंचीवरून फरशीवर आपटू देण्यापेक्षा ती बरी.

मोजमापासाठी रुळांवर जाऊ नये. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ नुसार तो गुन्हा आहे आणि तसे करण्याची गरजही नाही. गाडी पुलावर असताना दुरून, शक्य तितके समोरून छायाचित्र घ्यावे. एलएचबी (नव्या पद्धतीचा प्रवासी) डबा साडेतेवीस मीटर लांब असतो. छायाचित्रातील डब्याची लांबी हीच मोजपट्टी मानली, की खांबांमधील अंतर आणि तुळईची खोली दोन्ही काढता येतात.

याच विषयावर दापोलीच्या वाचकांनी, एन मापात हा पूल पूर्ण होईल का, असे विचारले आहे. होईल. १६० ला १ या मापात तो २ मीटर ६५ सेंटीमीटर लांब आणि ४० सेंटीमीटर उंच ठरतो. अद्याप गाड्या खरेदी केल्या नसतील आणि मुख्य हौस पुलाची असेल, तर हेच माप घ्यावे.

प्रश्न : पडवीच्या बंद केलेल्या भागात १० फूट बाय ३ फुटांचा लेआउट (रूळ आणि देखावा मांडलेला पट) आहे. चौकट लाकडी आणि वर एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) आहे. पावसाळ्यात गाडी जागोजागी अडखळते, डब्यांतले दिवे लुकलुकतात आणि एमडीएफच्या कडा फुगल्या आहेत. उलट फेब्रुवारीत एके ठिकाणी रूळच वर उचलले गेले. रूळ बदलावेत की कंट्रोलर (रुळांना वीज देऊन वेग ठरवणारा डबा)? (गुहागर)

उत्तर : दोन्ही बदलू नयेत. हे तीन निरनिराळे दोष आहेत आणि तिघांचे मूळ हवेतील ओलाव्यात आहे.

गाडी अडखळण्याचे कारण वीज आहे. आपले रूळ निकेल सिल्व्हरचे असावेत. या मिश्रधातूत तांबे, जस्त आणि निकेल असते, चांदी मुळीच नसते. लोखंडासारखा तो गंजत नाही हे खरे, परंतु समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत त्यावर पातळ थर चढतो आणि चाकांवरचे तेल, धूळ व प्लास्टिकच्या चाकांची झीज त्यात मिसळून काळा चिकट लेप तयार होतो. सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन, वीज बंद ठेवून आणि खिडक्या उघड्या ठेवून रूळ पुसावेत. पॉलिश पेपर कधीही वापरू नये, कारण त्याने पडलेल्या बारीक चऱ्यांत मळ अधिकच धरतो. डब्यांची प्लास्टिकची चाके काढून धातूची बसवली, तर रूळ बरेच दिवस स्वच्छ राहतात.

याहून मोठा गुन्हेगार म्हणजे दोन रूळ जोडणारे जॉइनर. वीज त्यांच्यामधून पुढे जाते आणि पावसाळ्यात आतल्या बाजूने ते खराब होतात, त्यामुळे वरून सारे ठीक दिसते. टेबलाखालून जाड तारांची एक जोडी सबंध लेआउटभर फिरवावी आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला त्या जोडीतून बारीक तार सोल्डर करावी. फ्लक्स (सोल्डर धरण्यासाठी आधी लावतात ती पेस्ट) राळेचाच घ्यावा. आम्लयुक्त पेस्टने सोल्डर पटकन धरते, पण दमट हवेत तेच आम्ल पुढे सांधा खाते. डिजिटल पद्धतीने गाड्या चालवणाऱ्यांनी तर हे काम टाळूच नये, कारण तिथे रुळांतून विजेबरोबर आज्ञाही जात असते.

एमडीएफबद्दल माझे मत कठोर आहे : किनाऱ्यावरच्या घरात लेआउटसाठी ते वापरूच नये. फुगलेली कड पुन्हा पूर्ववत होत नाही. आयएस ७१० हा शिक्का असलेले मरीन प्लायवूड महाग पडते, परंतु एकदाच घ्यावे लागते. तेही कापल्यानंतर वर, खाली, चारही कडा आणि तारांसाठी पाडलेली भोके असे सगळीकडून प्रायमर किंवा वॉर्निश लावून बंद करावे. हे काम एप्रिल-मेमध्ये, लाकूड पुरते सुकलेले असताना करावे. जुलैत वॉर्निश लावणे म्हणजे ओल आत कोंडणे.

आता फेब्रुवारीत उचललेल्या रुळांविषयी. आपण बहुधा ते पावसाळ्यात, फटी न ठेवता बसवले असावेत. उष्णतेने रूळ वाढतात हे आपण शाळेत शिकतो, पण कोकणात तापमान फारसे हलत नाही. चार मीटर लांबीचे निकेल सिल्व्हरचे रूळ १५ अंशांच्या फरकाने जेमतेम एक मिलिमीटर वाढतात. बोर्ड मात्र ओलाव्याने फुगतो आणि कोरड्या हवेत आखडतो, आणि त्याची ही हालचाल रुळांपेक्षा जास्त असते. ओल्या दिवसांत फुगलेल्या बोर्डावर घट्ट जोडलेल्या रुळांना तो आखडल्यावर जागाच उरली नाही, म्हणून ते वर आले. यापुढे पावसाळ्यात रूळ बसवायचे झाल्यास दर मीटरला पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवावी. आज उचललेल्या जागी रूळ बारीक करवतीने कापून फट करावी आणि दोन्ही बाजूंना स्वतंत्र तार द्यावी.

झाकण्यासाठी प्लास्टिक न वापरता जुनी सुती चादर किंवा साडी वापरावी, कारण प्लास्टिकखाली बुरशी धरते. इंजिने घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत. चौकट भिंतीपासून चार बोटे दूर असावी, म्हणजे भिंतीची ओल तिला लागत नाही आणि वाळवी चढू लागली तर वेळीच दिसते. आणखी एक सूचना गमतीची वाटेल, पण खरी आहे : गाड्या बरेच दिवस बंद राहणार असतील, तर बोगद्यांची तोंडे फडक्याने बंद करावीत. कुंभारमाशीला अशी अंधारी पोकळी फार आवडते आणि तिने आत केलेले मातीचे घर पहिल्या गाडीच्या धडकेनंतरच लक्षात येते.

प्रश्न : आयसीएफचे (जुन्या पद्धतीचे प्रवासी) डबे व्यवस्थित चालत होते. नवीन एलएचबी डबे आणले, तर ते वळणावरच्या बोगद्याच्या तोंडाला घासतात आणि फलाटालाही अडतात. डबा सदोष आहे काय? वळणाची त्रिज्या ४३८ मिलिमीटर आहे. (चिपळूण)

उत्तर : डबा निर्दोष आहे, तो लांब आहे, इतकेच. आयसीएफ डब्याची लांबी २१.३४ मीटर, तर एलएचबीची सुमारे २३.५ मीटर. एचओमध्ये हे आकडे २४५ आणि २७० मिलिमीटर होतात. दोन्हींच्या बोगींमधील (डब्याखालच्या दोन चाक-चौकटींमधील) अंतर जवळपास सारखेच, म्हणजे पावणेपंधरा ते पंधरा मीटर असल्यामुळे वाढलेली लांबी बोगीबाहेरच्या टोकांत जाते. आपल्या त्रिज्येच्या वळणावर एलएचबी डब्याचा मधला भाग रुळांच्या मध्यरेषेपासून आठ मिलिमीटर आत येतो आणि टोके बारा मिलिमीटरहून अधिक बाहेर जातात. त्रिज्या ६०० केली की हेच आकडे सहा आणि नऊ होतात, आणि ९०० केली की चार आणि सहा. प्रत्यक्ष कोकण रेल्वेवर वळणांची त्रिज्या १२५० मीटरपेक्षा कमी ठेवलेली नाही. ती मापाप्रमाणे करायची झाल्यास १४ मीटरहून अधिक त्रिज्या लागेल. तेव्हा ती आस कोणीच धरू नये.

दर्शनी भागातील वळण ७५० च्या आसपास न्यावे आणि तीव्र वळणे बोगद्यात लपवावीत, असे मी सुचवीन. बोगद्याचे तोंड किंवा फलाट पक्का करण्यापूर्वी डब्याच्या मध्यावर आतल्या बाजूस आणि टोकाशी बाहेरच्या बाजूस पेन्सिल चिकटवून डबा हाताने वळणावरून ढकलावा. कागदावर उमटलेल्या दोन रेषांच्या बाहेर पाच मिलिमीटर सोडून बांधकाम करावे. बोगद्यातील रुळांच्या कोणत्याही जागी हात पोहोचला पाहिजे; डोंगराच्या मागच्या बाजूला तशी खिडकी ठेवावी. कोकण रेल्वेवरचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, म्हणजे आपल्या मापात ७५ मीटर. आपल्याला मात्र गाडी थोडा वेळ दिसेनाशी होण्यापुरतीच लांबी हवी असते.

प्रश्न : परसातील जांभ्याची माती आणि किनाऱ्यावरची वाळू वापरून कटिंग (रुळांसाठी डोंगर कापून केलेली वाट) आणि खडी केली. रंग छान आला. पण एका महिन्यात इंजिनाच्या मोटारीतून करकर आवाज येऊ लागला आणि भरीस भर म्हणजे थर्मोकोलचा डोंगर स्प्रे मारताच खड्डे पडून विरघळला. (देवगड)

उत्तर : जांभ्यात लोह भरपूर असते आणि त्यातील काही कण चुंबकाला चिकटतात. आपल्या किनाऱ्यावरच्या वाळूत काळ्या रंगाचे जे जड कण दिसतात, त्यांतही लोहयुक्त खनिजे असतात. मोटारीत कायमचे चुंबक असल्याने हे कण ती स्वतःकडे ओढून घेते. म्हणून माती आणि वाळू दोन्ही बारीक चाळून कागदावर पसरावीत आणि कागदात गुंडाळलेला जोरदार चुंबक, काही चिकटेनासे होईपर्यंत, त्यांवरून फिरवावा. वाळू गोड्या पाण्यात अनेकदा धुवावी, नाहीतर तिच्यातील मीठ हवेतले पाणी ओढून घेत राहते. शेवटी दोन्ही जुन्या तव्यावर भाजून घ्यावीत, म्हणजे बुरशी आणि किडे यांचा प्रश्न मिटतो.

रंगाबाबत एक मतभेद नोंदवतो. सगळे कटिंग लाल करण्याचा मोह टाळावा. ताजा चिरलेला जांभा तांबडा-पिवळा असतो, परंतु काही पावसाळे खाल्लेली भिंत शेवाळाने काळपट होते. लाली दिसते ती दरड कोसळलेल्या किंवा नव्याने खोदलेल्या जागी. तसेच रुळांखाली जांभ्याची खडी नसते, तो दगड त्यासाठी मऊ पडतो. तिथे काळ्या बेसाल्टची खडी असते. खरी खडी साधारण ५० मिलिमीटरची धरली, तर एचओमध्ये ती अर्ध्या मिलिमीटरला थोडी जास्त, म्हणजे बारीक रव्याएवढी असावी. दुकानातून येणारी बरीच खडी याहून जाड असते आणि रूळ दगडांत रुतल्यासारखे दिसतात.

थर्मोकोलला स्प्रे रंगातील द्रावक विरघळवतो. त्यावर आधी फेव्हिकॉलमध्ये भिजवलेल्या कागदाचे दोन थर द्यावेत, ते वाळल्यावर पाण्यात मिसळणारे ॲक्रेलिक रंग हाताने लावावेत.

प्रश्न : रुळांमधील अंतर आपल्या ब्रॉडगेजपेक्षा कमी का वाटते? (अलिबाग)

उत्तर : कारण ते कमीच असते. ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे एचओमध्ये १९.३ मिलिमीटर हवा. बाजारातील रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात, कारण ते १४३५ मिलिमीटरच्या परदेशी गेजसाठी केलेले आहेत. सर्व काही स्वतः बनवणाऱ्यास १०० ला १ हे माप घेता येते. त्यात तेच रूळ ब्रॉडगेजशी जवळजवळ तंतोतंत जुळतात. पण मग तयार इंजिन-डबे चालत नाहीत. माझ्या मते फरक सोसावा, रुळांच्या बाजू गंजाच्या रंगाने रंगवाव्यात आणि खडीचा खांदा, म्हणजे रुळांबाहेरची कड, थोडा रुंद ठेवावा. नजर रुळांवरून खडीवर जाते. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. तिथे गाड्या चालताना पाहिल्या की हा फरक किती विसरला जातो ते कळेल.

प्रश्न : एका मार्गावरून दुसरा नेण्यासाठी दीड मीटरमध्ये ७ सेंटीमीटर चढ दिला. चार डब्यांनंतर इंजिनाची चाके जागीच फिरतात. (सावंतवाडी)

उत्तर : हा चढ जवळपास २१ ला १ आहे. कोकण रेल्वेवर तो १५० ला १ ठेवला आहे. आपल्याला ५० ला १ पर्यंत जाता येईल. त्यासाठी साडेतीन मीटर लांबी लागेल, शिवाय चढाच्या सुरुवातीला आणि शेवटी उतार हळूहळू बदलायला थोडी जागा. ती नसेल, तर एक मार्ग चढवताना दुसरा तितकाच उतरवावा, म्हणजे लांबी निम्म्यावर येते.

प्रश्न : विजेचे खांब लावावेत का? लेआउट आठ फुटांचा आहे. (कणकवली)

उत्तर : आधी काळ ठरवावा. मार्ग पूर्णपणे सुरू झाला तो २६ जानेवारी १९९८ रोजी, आणि संपूर्ण विद्युतीकरण पूर्ण झाले २०२२ मध्ये. डिझेल इंजिन आणि निळे आयसीएफ डबे असतील, तर खांब नकोतच. विद्युत इंजिन हवे असल्यास खांब विरळ लावावेत : सरळ मार्गावर त्यांच्यातील अंतर ७२ मीटरपर्यंत असते, म्हणजे एचओमध्ये ८२-८३ सेंटीमीटर. आठ फुटांत चार खांब पुरेत. मी पाहिलेल्या छायाचित्रांत बहुतेकांनी याच्या दुप्पट लावलेले असतात आणि स्थानक कुंपणात अडकल्यासारखे दिसते.

प्रश्न : मी अकरावीत शिकतो. माझ्याकडे तीन फुटांची एक फळी आणि थोडेसे पैसे आहेत. गोल फिरणारी गाडी शक्य नाही. तरी काही करता येईल का? (कुडाळ)

उत्तर : तू कोलाडचा रो-रो धक्का कर. मालाने भरलेले ट्रक चपट्या वॅगनींवर चढवून रेल्वेने नेण्याची ही सेवा कोकण रेल्वेने १९९९ मध्ये कोलाड ते गोव्यातील वेर्णा या दरम्यान सुरू केली. यासाठी वळण लागत नाही, चढ लागत नाही. एक सरळ रूळ, त्याच्या टोकाला काँक्रीटचा उतरता धक्का, तीन-चार वॅगनी आणि एक डिझेल इंजिन एवढे पुरे. वॅगनींना भिंती आणि छप्पर नसल्यामुळे त्या जाड कागद आणि फोमशीटमधून घरी करता येतात. चाके तेवढी विकत घ्यावीत. ट्रक एका टोकाने चढून वॅगनींवरूनच पुढे सरकत जातात, त्यामुळे दोन वॅगनींमधली फट झाकणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या विसरू नकोस. ड्रायव्हर आपापल्या ट्रकसोबतच प्रवास करतात. एखाद्या केबिनवर टॉवेल वाळत घातला तरी चालेल.

ट्रक खरेदी करताना सावध राहा. खेळण्यांच्या दुकानातील बऱ्याचशा लहान गाड्या ६४ ला १ किंवा त्याच्या आसपासच्या असतात. अडीच मीटर रुंदीचा ट्रक त्या मापात ३९ मिलिमीटर रुंद होतो, तर एचओ मापातील प्रवासी डबाच ३७ मिलिमीटरचा असतो. दुकानात जाताना खिशात फूटपट्टी ठेव आणि ट्रकची रुंदी २९ मिलिमीटरच्या जवळ असेल तरच घे.